आस्यासुख आणि शतपावली : मधुमेही माणसाचे चोवीस तास

डभोईचे नाव निघाले की हिरा भागोळीचे शिल्प, दर्भावतीचा जुना कोट, कवी दयाराम आणि १ एप्रिल १७३१ रोजी या परिसरात झालेली बाजीराव पेशवे व त्रिंबकराव दाभाडे यांची लढाई एवढे आपल्याला आठवते. याच डभोईत ३० ऑगस्ट १८८३ रोजी एका मराठी शिक्षकाच्या घरी जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म झाला, हे मात्र चटकन आठवत नाही. पुढे सारा देश त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखू लागला. बडोद्यास कॉलेजात असताना त्यांनी जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली शरीर कमावले. नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासजींकडून योगाचे शिक्षण घेतले. पण ते नुसत्या श्रद्धेवर थांबले नाहीत. १९२०-२१ मध्ये त्यांनी बडोद्याच्या इस्पितळात उड्डियान आणि नौली या क्रियांनी शरीरात नेमके काय घडते, याचे प्रयोग केले. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन झाले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिकही निघाले. व्यायामाने गुण येतो असे नुसते सांगू नये, तो मोजून दाखवावा, ही त्यांची रीत होती.

आजचा विषय त्याच रीतीने पाहायचा आहे. मधुमेह झालेल्या माणसाने किती हालचाल करावी, किती वेळ बसावे आणि किती झोपावे? विषय घरोघरचा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आपल्यातील बहुतेक जण गोळ्या वेळेवर घेतात, चहातली साखर कमी करतात आणि डॉक्टरांनी सांगितले म्हणून पहाटे अर्धा तास फिरूनही येतात. एवढे केले की दिवसाचे कर्तव्य संपले, अशी समजूत असते. ही समजूत अपुरी कशी, ते येथे सांगायचे आहे.

हिशेब सोपा आहे. चोवीस तासांतून सात तास झोपेचे आणि अर्धा तास फिरण्याचा वजा केला, तर साडेसोळा तास उरतात. रक्तातील साखर त्या साडेसोळा तासांतही वरखाली होत असते, आणि झोपेच्या सात तासांतही. म्हणून गेल्या काही वर्षांत वैद्यकाने प्रश्नच बदलला आहे. व्यायाम केला का, एवढेच न विचारता चोवीस तास कसे गेले, असे आता विचारले जाते. अमेरिका आणि युरोपातील मधुमेहतज्ज्ञांच्या संघटनांनी २०२२ मध्ये संयुक्तपणे काढलेल्या मार्गदर्शनात बसणे, चालणे, घाम येईल असे श्रम, स्नायूंची ताकद आणि झोप या सगळ्यांना उपचाराच्या चौकटीत जागा दिली आहे.

स्नायूंची दोन दारे

जेवणानंतर अन्नातील पिष्टाची साखर होऊन ती रक्तात येते. ती उचलून घेणारा शरीरातील सर्वांत मोठा वाटेकरी म्हणजे आपले स्नायू, आणि त्यांतही मांड्या, नितंब व पोटऱ्यांचे मोठे स्नायू. स्नायूच्या पेशीत साखर शिरण्यासाठी दार उघडावे लागते. इन्सुलिन ही त्याची नेहमीची किल्ली. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात, म्हणजे बहुतेक प्रौढांना होतो त्या मधुमेहात, ही किल्ली कुलपात नीट फिरत नाही. साखर रक्तातच राहते आणि वर्षानुवर्षे डोळे, मूत्रपिंडे, नसा व हृदय यांना पोखरते.

पण स्नायूला दुसरेही एक दार आहे. स्नायू आकुंचन पावू लागला की तो इन्सुलिनची वाट न पाहता साखर आत ओढतो. किल्ली खराब झालेल्या माणसातही हे दार बहुधा चांगले चालते. शिवाय श्रम थांबल्यावरही काही काळ, साधारण एक ते तीन दिवस, इन्सुलिनची किल्ली थोडी सुरळीत फिरते. म्हणूनच सलग दोन दिवसांहून अधिक खाडा करू नये, असे सांगतात. रविवारी एकदम आठ किलोमीटर चालून आठवडाभर गादीवर बसणाऱ्याला हा फायदा मिळत नाही.

आस्यासुख

आता बसण्याकडे वळू. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाची कारणे सांगताना दही, दूध, नवे धान्य, गुळाचे पदार्थ यांच्याही आधी दोन गोष्टी येतात : आस्यासुख आणि स्वप्नसुख. आस्या म्हणजे बसणे. बसण्याचे सुख आणि झोपेचे सुख यांची गाठ या रोगाशी आहे, हे आपल्या वैद्यांच्या तेव्हाच ध्यानात आले होते.

हीच गोष्ट आकड्यांनी पुढे आली ती लंडनमध्ये. जेरेमी मॉरिस या डॉक्टरांनी १९५३ मध्ये तिथल्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गाडी तीच, रस्ते तेच. पण दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा सारखे जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता. त्यानंतर कामाच्या वेळच्या हालचालीकडे संशोधकांचे लक्ष गेले.

मधुमेहाबाबतचा एक नेमका प्रयोग ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या बेकर संस्थेत झाला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असलेल्या २४ स्त्रीपुरुषांना वेगवेगळ्या दिवशी आठ आठ तास बसवले. एका दिवशी सलग बसायचे. दुसऱ्या दिवशी दर अर्ध्या तासाला उठून तीन मिनिटे हळू चालायचे. तिसऱ्या दिवशी दर अर्ध्या तासाला तीन मिनिटे अर्ध्या बैठका, टाचा उचलणे, गुडघे वर घेणे असे साधे प्रकार करायचे. जेवण तिन्ही दिवशी सारखेच. सलग बसलेल्या दिवसाच्या तुलनेत मध्ये मध्ये उठलेल्या दोन्ही दिवशी जेवणानंतरची साखरेची वाढ सुमारे ३९ टक्क्यांनी कमी भरली. घाम येईल असे काहीच नव्हते. नुसते उठणे होते.

हे आपल्या घरांना लावून पाहू. डभोई-बडोद्याकडे आलेली आपली बरीच घराणी पुढे कचेरी, शाळा, पेढी आणि दुकान यांत स्थिरावली. लेखणी आणि गल्ला, दोन्ही बसूनच सांभाळायचे. निवृत्तीनंतर दिवाणखान्यातला झोपाळा आणि समोरचा टीव्ही असतो. झोपाळ्यावर आपण हलतो असे वाटते, पण हलत असतो झोपाळा. मांड्यांचे स्नायू स्वस्थच असतात. पूर्वी एका भागोळीपासून दुसऱ्या भागोळीपर्यंत भाजी आणायला, देवाला, पोस्टात पायीच जाणे होई. आता दूध दारात येते, भाजी गाडीवर येते, आणि चौकापर्यंत जायचे तरी स्कूटर काढली जाते. या बदलात कोणाचा आळस नाही. दिवसाची घडणच बदलली. म्हणून जी हालचाल पूर्वी आपोआप होई, ती आता जाणूनबुजून दिवसात पेरावी लागते.

घरातल्या बाई म्हणतात, ‘आमची तर दिवसभर धावपळच असते.’ त्यात तथ्य आहे. केर काढणे, कपडे वाळत घालणे, पाणी भरणे हीसुद्धा हालचालच आहे आणि तिचा उपयोग होतो. पण सकाळचा स्वयंपाक आटोपल्यावर दुपारी तीन तास मालिकांपुढे एका जागी बसणे होत असेल, तर सकाळच्या धावपळीने ते भरून निघत नाही. जाहिरात लागली की उठावे आणि घरातल्या घरात एक फेरी मारावी, इतके साधे हे काम आहे. दुकानात बसणाऱ्याने फोन उभ्याने घ्यावा. देवळातल्या कट्ट्यावर गप्पा मारणाऱ्यांनी प्रदक्षिणा घालत माराव्यात.

शतपावली

जेवणानंतर शंभर पावले चालण्याची आपली शतपावली. तिची परीक्षा न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठात झाली असे म्हटले तर चालेल. २०१६ च्या त्या प्रयोगात ४१ मधुमेही होते. काही दिवस त्यांनी दिवसातून कधीही सलग ३० मिनिटे चालायचे, आणि काही दिवस तीनही जेवणांनंतर १०-१० मिनिटे. एकूण चालणे तेवढेच. तरी जेवणानंतर विभागून चालले तेव्हा जेवणोत्तर साखर सरासरीने १२ टक्के कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. रात्रीचे जेवण बहुधा सर्वांत भरपेट असते आणि त्यानंतर आपण सर्वांत अधिक बसतो, म्हणून हा फरक तिथे जास्त दिसला.

याचा अर्थ पहाटेचे फिरणे सोडावे असा नाही. ज्यांना ते जमते त्यांनी अवश्य चालू ठेवावे. हृदयाला, मनाला आणि वजनाला त्याचा उपयोग आहे. आठवड्याला एकूण १५० मिनिटे, थोडी धाप लागेल पण बोलता येईल इतक्या वेगाने चालावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. पण ज्यांना अर्धा तास सलग चालता येत नाही, गुडघे बोलतात, किंवा वैशाखात डभोईचे ऊन सोसत नाही, त्यांनी सगळेच सोडून बसू नये. दहा मिनिटे तीनदा, तीही ओसरीत, गच्चीवर किंवा खोल्याखोल्यांतून चालावे. वर सांगितलेल्या २०२२ च्या मार्गदर्शनात रोज केवळ ५०० पावले वाढवण्याचाही लाभ नोंदवला आहे. ५०० पावले म्हणजे जेमतेम पाच-सहा मिनिटे.

ताकदही हवी

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये आपला स्वतःचा आणि जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्याचा एक फोटो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. बाहेरून सडपातळ पण आतून चरबीदार आणि स्नायूंनी कमी, ही आपल्याकडची ठेवण त्या फोटोने जगापुढे आणली. म्हणून ‘मी तर बारीक आहे, मला कसा मधुमेह?’ हा प्रश्न आपल्याकडे फारसा उपयोगाचा नाही. साखर उचलणारे स्नायूच कमी असतील तर वजनाचा काटा काय सांगणार? वयाबरोबर ते आणखी झिजतात.

त्यासाठी आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचा व्यायाम हवा. ज्या बडोद्यात माणिकरावांनी पिढ्यानपिढ्या जोर-बैठका घालून घेतल्या आणि जिथे दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी अनेक खंडांचा मराठी व्यायामज्ञानकोश सिद्ध केला, तिथल्या माणसांना हे नवीन सांगायला नको. साठीच्या माणसाने मात्र आखाड्यात उतरायची गरज नाही. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे, एवढ्याने सुरुवात होते. पाय बळकट राहिले की पडणेही टळते, आणि म्हातारपणी पडणे किती महाग जाते हे प्रत्येक घराला ठाऊक आहे.

स्वप्नसुख : कमी आणि जास्त

चरकांनी झोपेच्या अतिसुखाला दोष दिला. आज तिची दुसरी बाजूही कळली आहे : झोप कमी पडली तरी साखर बिघडते. १९९९ साली शिकागोच्या संशोधकांनी ११ निरोगी तरुणांना सलग सहा रात्री फक्त चार तास झोपू दिले. तेवढ्यात त्यांच्या रक्तातून साखर उचलली जाण्याचा वेग सुमारे ४० टक्क्यांनी मंदावला. निरोगी तरुणांची ही गत, तर ज्याची किल्ली आधीच नीट फिरत नाही त्याचे काय होत असेल? मधुमेही माणसांच्या पाहण्यांतही सहा तासांहून कमी आणि आठ तासांहून अधिक झोपणाऱ्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, अधिक वाईट आढळते. साधारण सात तासांची, रोज ठरल्या वेळेची झोप हे त्याचे मधले माप.

झोपेबाबत तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागत असेल तर ते वयावर ढकलू नये. साखर वाढल्याचे ते लक्षण असू शकते. दुसरी, मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास थांबून दचकून जागे होणे आणि दिवसा पेंगणे हा झोपेतील श्वासरोधाचा विकार असू शकतो. मधुमेही, विशेषतः वजनदार माणसांत तो पुष्कळ आढळतो आणि त्यावर उपचार आहेत. घोरणाऱ्याला स्वतःला हे कळत नाही, तेव्हा घरच्यांनीच डॉक्टरांना सांगावे. तिसरी गोष्ट वामकुक्षीची. दुपारी वीस-पंचवीस मिनिटे डोळा लागला तर बिघडत नाही. पण जेवून लगेच दोन तास गाढ झोप काढली, तर शतपावलीचा वेळही जातो आणि रात्रीची झोपही. आधी दहा मिनिटे चालावे, मग आडवे व्हावे. नवरात्रात गरब्यामुळे पायांना भरपूर काम मिळते, पण मध्यरात्रीचे फाफडा-जिलेबीचे खाणे आणि नऊ रात्रींचे जागरण हेही त्याच हिशेबात येतात. घरी परतल्यावर पुन्हा खाणे टाळावे आणि सकाळी झोप पुरी करून घ्यावी.

सांभाळायचे काय

हालचाल हे औषध आहे, तेव्हा औषधासारखी काळजीही हवी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर श्रमाने एकदम उतरू शकते. घाम सुटणे, थरथर, छातीत धडधड, एकदम भूक, बोलण्यात गोंधळ ही त्याची चिन्हे. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी. फिरायला निघताना साखर ९० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खावे, आणि खिशात साखरेची पुडी कायम असावी. हालचाल वाढवल्यावर गोळ्यांची मात्रा कमी करावी लागते का, हे डॉक्टरांना विचारावे. स्वतः ठरवू नये.

पायांकडे फार लक्ष द्यावे. सुश्रुतसंहितेत निर्धन प्रमेही माणसाने अनवाणी, भिक्षा मागत शंभर योजने चालावे असे सांगितले आहे. त्यातले चालणे घ्यावे, अनवाणीपण घेऊ नये. मधुमेहाने पायांच्या नसा बधिर झाल्या असतील तर खडा टोचलेला, चटका बसलेला कळत नाही. जखम चिघळते आणि शेवटी बोट किंवा पाऊल गमवावे लागते. गरुडेश्वराला, नरेश्वराला किंवा अमावास्येला करनाळीच्या कुबेर भंडारीला अनवाणी जाण्याचा ज्यांचा नेम आहे, अशा मधुमेही भाविकांनी मऊ, बंद बूट घालून जावे आणि ते मंदिराच्या दाराशीच उतरवावेत. रोज रात्री तळपाय आरशात पाहावेत. दृष्टिपटलाचा विकार वाढलेल्यांनी शीर्षासन, सर्वांगासन आणि श्वास कोंडून जड वजन उचलणे नेत्रतज्ज्ञाला विचारल्याशिवाय करू नये. चालताना छातीत दुखले किंवा दडपण आले तर तिथेच थांबून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

स्वतःच्या घरी एक प्रयोग

हे सारे खरे की खोटे, हे प्रत्येकाला आपल्या घरी पडताळता येते. साखर तपासण्याचे लहान यंत्र आता बऱ्याच घरांत असते. एक वही घ्यावी. तीन दिवस रात्री नेहमीसारखे जेवून बसून राहावे आणि जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी साखर पाहून लिहावी. पुढचे तीन दिवस जेवण तेच, तितकेच ठेवावे, फक्त जेवण होताच दहा मिनिटे शतपावली करावी आणि त्याच वेळी साखर पाहावी. शेजारच्या रकान्यात आदल्या रात्री किती तास झोप झाली आणि दिवसात किती वेळा तासाहून अधिक सलग बसलो, हेही लिहावे. गोळ्या मात्र सहाही दिवस डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच घ्याव्यात.

सहा दिवसांच्या आकड्यांवरून शास्त्र सिद्ध होत नाही, आणि प्रत्येकाचा आकडा सारखा उतरेल असेही नाही. पण आपल्या शरीराला कोणत्या जेवणानंतर चालणे अधिक मानवते, कोणत्या रात्रीची अपुरी झोप दुसऱ्या दिवशी महाग पडते, हे त्या वहीत दिसू लागते. ती वही पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढे ठेवावी. डभोईच्या गुणे मास्तरांच्या मुलाने शंभर वर्षांपूर्वी बडोद्याच्या इस्पितळात जे करून पाहिले, त्याच जातीचे हे काम आहे, आणि त्याला वही, पेन्सिल व दहा मिनिटे एवढेच भांडवल लागते.